निळी माटोळी

आमच्या गराजात गाडी उभी राहिलेली मी कधी पाहिली नाही. आजोबांची कारेर, म्हणजे डिचोली-म्हापसा धावणारी बस, माझ्या जन्माआधीच विकली गेली होती. मागे राहिलं ते तिचं रिकामं घर: मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं आणि दोघांनी ओढल्याशिवाय न उघडणारं लाकडी दार. मुळगावात आमच्या घराची खूण सांगताना लोक अजून 'गराजवाले' म्हणतात. त्या गराजात सतराव्या वर्षी मी जे केलं आणि त्यानंतर मोठ्या माणसांनी जे केलं, त्याचा राग मला अजून येतो. वय झालं की राग निवतो, असं सांगणाऱ्या बायका मला देवळात भेटतात. त्यांचा निवला असेल. माझा मुरला.

घरात दोन भाऊ. थोरले माझे बाबा, मराठी शाळेत मास्तर, धोतराची निरी आणि वाक्याची रचना कधी न चुकवणारे. धाकटा काका, त्याचा टिपर, म्हणजे खाणीचा ट्रक होता, पाळी गावच्या खाणीवरून माती वाहायचा. आमच्याकडे लोखंडाच्या खनिजाला मातीच म्हणतात. संध्याकाळी काका घरी आला की आधी पायरीवर पाय आपटायचा, मग लाल धुळीचा एक लोट आत यायचा आणि मागून काका. त्या वर्षांत गोव्याचं राज्य होऊ घातलं होतं, आणि राज्याची भाषा कोणती यावरून गावोगाव माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. बाबा मराठीचे, काका कोंकणीचा. आता गंमत बघा. बाबा ओसरीवर बसून मराठीची बाजू मांडत, ती तावातावाने आमच्या घरच्या बोलीत, कारण रागाच्या भरात त्यांना दुसरं काही सुचत नसे. आणि काका सकाळचा मराठी पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून, त्याचीच सुरळी करून, ती हवेत फिरवत कोंकणीची बाजू मांडायचा. आई आणि काकी आत, माझा धाकटा भाऊ आणि काकाचा मुलगा पायांत लुडबुडत असताना, एकाच वाटणाचं भाज्यांचं खतखतं ढवळत असायच्या. त्या दोघींना कोणत्याही भाषेत कोणी काही विचारलं नाही.

शेवटी एका जेवणाच्या वेळी बाबा काकाला काहीतरी बोलले. काय बोलले ते मी ऐकलं आहे आणि लिहिणार नाही. काका ताटावरून उठला. महिन्याभरात चूल वेगळी झाली. मधल्या खोलीत प्लायवूडची एक भिंत उभी राहिली, छतापर्यंत न पोचणारी, त्यामुळे पलीकडची फोडणी अलीकडे शिंकायची. ती भिंत नेमकी माझं मेज होतं तिथून गेली. सुतार आला, त्याने माझं मेज उचलून अंगणात ठेवलं, पुस्तकं त्यावर ठेवली, आणि त्या दुपारी पावसाची एक सर येऊन गेली. बारावीचं वर्ष. मी कॉलेजातून आले तेव्हा माझं रसायनशास्त्र फुगून पावाच्या उंड्यासारखं झालं होतं. मी सरळ गराजात गेले आणि दार एकटीने ओढून उघडलं. रागात माणसाला दोघांचं बळ येतं, हे मला त्या दिवशी कळलं. अक्कल मात्र निम्मीच राहते, हे कळायला पुढे गणपतीची चवथ यावी लागली.

मी आईला विचारलं, गराजातलं सामान घेऊ का. आई चुलीपुढे, डोळ्यांत धूर. म्हणाली, "खंयचेंय काढ, पूण तांब्याच्या भाणाक हात लावू नाका." न्हाणीचं पाणी तापवायचं ते मोठं भाण तेवढं तिला प्यारं होतं. काकीलाही भिंतीवरून ओरडून विचारलं, कारण गराज अजून दोघांचं होतं. ती म्हणाली, घे, नाहीतर वाळवी घेतेच आहे. म्हणजे परवानगी मी रीतसर घेतली होती. हे मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले.

काय काय निघालं त्या गराजातून. कारेरीची मागची बाकडी, हिरवं रेक्झिन फाटलेली, आत नारळाचा काथ्या. रबरी फुग्याचा पितळी भोंगा. बसच्या टपाची सागवानी फळकुटं, ज्यांच्यावर कधी काळी आंब्याच्या करंड्या आणि कोंबड्या म्हापशाच्या बाजाराला गेल्या. पेट्रोमॅक्स. कंडक्टरची चामडी पिशवी, आत एक सुपारी, दगड झालेली. आणि माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेली, दारापेक्षा थोडी लहान अशी एक लाकडी जाळी. काळंभोर लाकूड, उभ्या-आडव्या पट्ट्या, चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या. मला वाटलं, खिडकीची जुनी चौकट असेल किंवा टपावर सामान बांधायचं काहीतरी.

मी किती हुशार होते बघा. ती जाळी मधोमध कापली तर दोन शिड्या होतात, शिड्या समोरासमोर उभ्या केल्या की पायऱ्यांवर फळकुटं टाकता येतात, आणि पुस्तकांची मांडणी तयार. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. काकाच्याच हत्यारपेटीतली करवत घेतली. लाकूड असं चिवट की तीन दिवस लागले. तळहाताला फोड आले, ते मी वर्गात मैत्रिणींना दाखवत फिरले. एकही खिळा नव्हता त्यात, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. ते बघून मी त्या अनोळखी सुताराचं मोठ्या मनाने कौतुक केलं आणि पुढची पट्टी कापली. मग काकाच्या टिपरचा उरलेला निळा रंग काकीने दिला, तो लावला. धुळीसाठी पुढे आईचं जुनं लुगडं पडद्यासारखं सोडलं. कड्यांना एकीकडे पंचा अडकवला, दुसरीकडे दप्तर. भिंतीवर खडूने लिहिलं, 'परवानगीशिवाय आत येऊ नये', आणि कोणाची बाजू घेतली असं होऊ नये म्हणून खाली तेच कोंकणीतही. मग कारेरीच्या बाकड्यावर मांडी घालून बसले. चहा हवा झाला की भोंगा वाजवायचा. पहिल्या दिवशी तो ऐकून काकी पिशवी घेऊन रस्त्यावर गेली. तिला वाटलं, पाववाला पोदेर आला. उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, परत गेली. मी आत पोट धरून हसत होते. त्या पोरीला आज धरता आलं असतं तर तिचा तो भोंगा तिच्याच कानाशी वाजवला असता.

बाबांना मांडणीचा अभिमान वाटला. शाळेतले दोन मास्तर घरी आले होते, त्यांना गराजात नेऊन, लुगडं वर करून दाखवलं. "कन्येचं हस्तकौशल्य," म्हणाले. त्यांनी ती जाळी ओळखली नाही, आणि यात त्यांची चूक नव्हती. मीही ओळखली नव्हती, आणि मी सतरा वर्षं तिच्याखाली बसून आरत्या म्हटल्या होत्या.

ती माटोळी होती. चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला टांगायची चौकट. गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते, आमच्याकडे मखरापेक्षा माटोळीला मान. रानातली, परसातली जितकी फळं, पानं, शेंगा मिळतील तितकी तिला बांधायची: सुपाऱ्यांची शिपटी, शहाळी, तोरिंजण, केळ्यांचे घड, आंबाडे, लालभडक कांगल्या, नावं विसरले अशी कितीतरी रानफळं. लाकूड दिसता कामा नये, ही तर तिची रीतच. बायका-पोरी ती बघायच्या खालून, मान वर करून, आणि दिसायचं ते पिवळंहिरवं रान. चवथ झाली की काका ती उतरवायचा, पुसायचा, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. उघडी माटोळी जवळून, हातात घेऊन, आमच्या घरात एकट्या काकाने पाहिली होती.

आणि हेच मुळात सगळं होतं. आमच्या गणपतीची कामं वाटलेली. पूजा थोरल्याची, माटोळी धाकट्याची. चूल वेगळी झाली, भिंत आली, पण गणपती एकच राहणार हे दोघांनी देवापुढे नारळ ठेवून कबूल केलं होतं. गणपतीची जागा आमच्या बाजूला आली, तेव्हा काकाकडे त्या गणपतीतलं जे काही उरलं ते माळ्यावर गोणपाटात होतं. माटोळी बांधायला तो भिंतीच्या अलीकडे येणार, दोन दिवस आमच्या घरात शिडीवर उभा राहणार, बाबा त्याला खालून आंबाडे देणार. आई आणि काकी महिनाभर त्या दोन दिवसांवर डोळे लावून होत्या. दोघा भावांना बोलावंच लागेल, असा त्यांचा हिशेब.

चवथीच्या दोन दिवस आधी काका डोंगरातून पोतंभर रानफळं घेऊन आला, ती अंगणात ओतली आणि माळ्यावर चढला. मी तेव्हा कॉलेजात. घरी येऊन पोचले तर अंगणात दोघे भाऊ समोरासमोर, मध्ये फळांचा ढीग, आणि पायऱ्यांवर दोघी बायका आपापल्या दारात.

काका विचारत होता, "माटोळी खंय आसा, दादा?"

बाबा म्हणाले, "दर वर्सा तूंच देंवयता आनी तूंच दवरता. माका कित्याक विचारता?"

"म्हजो हात गणपतीक लागूंक नाका जाल्यार उक्तें सांग. चोरी कित्याक?"

चोरी शब्द आला आणि बाबा शाळेतल्या मराठीवर गेले. ते मराठीवर गेले की आई डोळे मिटून घ्यायची. जुन्या लाकडाला किनाऱ्याकडचे हॉटेलवाले टपून बसलेले असतात, असं ते म्हणाले, आणि रोज टिपर घेऊन चहूकडे फिरणाऱ्यालाच त्यांचे पत्ते ठाऊक. आजूबाजूची माणसं कुंपणाशी जमली होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग अगदी हळू, कोणाला शिकवावं तसं, काकाने पणजोबांच्या माटोळीचं वर्णन केलं. फणसाचं लाकूड. पाच उभ्या, सात आडव्या. खिळा नाही. चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या, त्यातली एक थोडी चेपलेली. आपण असं काही विकू असं दादाला वाटत असेल, तर दादाने यापुढे आपल्याला भाऊ म्हणू नये.

चेपलेल्या कडीला माझा पंचा होता. सकाळीच अडकवला होता.

मी बोलले नाही. पाय जमिनीत रुतले वगैरे लोक लिहितात, तसं काही झालं नाही. पाय चांगले चालत होते, मी आत जाऊन हातपाय धुतले, पेज जेवले. भीती होती, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला मला साठीला टेकावं लागलं. मला माझी मांडणी जाईल असं वाटत होतं. घर दुभंगत होतं आणि ही बया पुस्तकं कुठे ठेवू याची काळजी करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र राहवेना. बाबा ओसरीवर पोफळीच्या पट्ट्या कापून नवी माटोळी करत बसले होते. मास्तरांचे हात, खडूशिवाय काही न धरलेले. दोरीची गाठ मारत होते आणि ती सुटत होती. मी समोर उभी राहिले आणि सांगितलं. सगळं, करवतीसकट. त्यांनी मान वर केली नाही. उठले, गराजात गेले. लुगडं बाजूला केलं. एका शिडीवर बोट ठेवून पायऱ्या मोजल्या, मग दुसरीवर. कडीवरचा पंचा काढून माझ्या हातात दिला. मी थप्पड खायला गाल तयार ठेवला होता. थप्पड बसली असती तर बरं झालं असतं, आवाज भिंतीपलीकडे गेला असता.

"ओगी रव," बाबा म्हणाले. "ताका सांगू नाका."

मला समजेना. मी म्हटलं, पण मग काकाला वाटत राहील की तुम्ही...

"कोणाकच सांगू नाका." आणि लुगडं पुन्हा नीट सोडलं, कड दोन्हीकडून सारखी करून.

मराठीसाठी सभांतून घसा कोरडा करणाऱ्या माझ्या बापाने आयुष्यातली सगळ्यात भित्री दोन वाक्यं कोंकणीत उच्चारली. पंधरा पावलं होती काकाच्या दारापर्यंत. माझ्या मुलीने कापली, मी तुला नको ते बोललो, एवढं सांगायचं होतं. पण कुंपणाशी उभी असलेली माणसं ते ऐकतील, मास्तर चुकला म्हणतील. त्यापेक्षा भाऊ गेलेला परवडला. आणि मी? मी ओगी राहिले. सभ्य मुलगी ना मी. भिंतीवर दोन भाषांत परवानगीची पाटी लिहिणारी बहाद्दर पोर, तिच्या तोंडून एका भाषेत एक शब्द निघाला नाही.

त्या चवथीला बाबांनी बांधलेली माटोळी आरतीच्या मध्यावर एका बाजूने सुटली. एक नारळ पितळी ताटात पडला, तोरिंजण घरंगळत भिंतीपाशी गेलं. आरती थांबली. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून काकाचा आवाज आला. तो एकटा, आपल्या बाजूला उभा राहून, तीच मराठी आरती खणखणीत म्हणत होता, आमच्याबरोबर सुरू केलेली, आणि आम्ही थांबलो म्हणून तो थांबला नव्हता. शेवटचं कडवं त्याने एकट्याने पुरं केलं. बाबा नारळ हातात घेऊन उभे होते. आठवलं की मला अजून वाटतं, त्या क्षणी ते पलीकडे जातील. त्यांनी नारळ ताटात ठेवला आणि प्रसादाच्या पातोळ्या वाटायला सांगितलं. हळदीच्या पानाचा तो वास मला तेव्हापासून सोसत नाही. पातोळ्या मी नातवंडांना करून घालते, खात नाही.

पुढे कोंकणी राजभाषा झाली, राज्यही झालं. काकाने अंगणात फटाके लावले, बाबांनी जनेलं, म्हणजे खिडक्या, लावून घेतल्या. देवाचा कौल घेऊन पुढच्या चवथीला काकाने आपला गणपती आणला. एका छताखाली दोन गणपती, दोन आरत्या, एकाच वेळी, एकमेकांवर आवाज चढवत. आई आणि काकी मागच्या दाराने करंज्यांसारख्या नेवऱ्या देत-घेत राहिल्या, वर लुगड्याचा पदर झाकून, काही चोरून नेत असल्यासारख्या. गराजात मी अभ्यास केला आणि चांगल्या मार्कांनी पास झाले. लाज नावाची गोष्ट अभ्यासाच्या आड येत नाही. लग्न होऊन पेडण्याला आले तेव्हा मांडणी बरोबर आणली. बाबा म्हणाले, ने. डोळ्यांसमोरून गेलेली त्यांना हवीच होती.

बाबा गेले, त्यानंतर तीन वर्षांनी काका गेला. काकाच्या बाराव्याला मी काकीपाशी बसले होते. मनात आलं, आता तरी सांगावं, नाहीतर मीही घेऊनच जाईन. सांगितलं. काकी तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं नाही.

"म्हायत आसा गो माका," ती म्हणाली. "ताणीं त्याच सांजे पळयली. गराजांत परत सोदूंक गेल्ले. कडयेक हात लायलो आनी येवन जेवले."

मी विचारलं, काकाने त्याच संध्याकाळी पाहिली, मग बोलला का नाही.

"दादान येवन एक उतर सांगचें, म्हूण रावले."

एक शब्द. त्यासाठी तो आयुष्यभर थांबला. आईलाही माहीत होतं, असं काकीनेच सांगितलं. लुगडं तिचंच, ते उचलून तिने आत पाहिलं नसेल होय? म्हणजे लहान पोरं सोडली तर पाचही माणसांना माहीत होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून जपत होतं. लोक म्हणतात, बिचारे, मायेपोटी. माया कसली? बाबांना चुकायचं नव्हतं, काकाला मागायचं नव्हतं, बायकांना नवऱ्यांपुढे तोंड उघडायचं नव्हतं, आणि मला माझं शेल्फ हवं होतं. चिडते मी, अजून. हे लिहितानाही लेखणी दोनदा कागदातून आरपार गेली.

मांडणी माझ्या स्वयंपाकघरात आहे. कोकमाची सोलं, मिठाची बरणी, नातीचे खाऊचे डबे. निळा रंग उडून खालचा फणस दिसायला लागला आहे. गेल्या चवथीच्या आधी माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. हल्ली सगळ्यांना जुन्या वस्तूंचं प्रेम आलं आहे. म्हणाला, ताये, पणजोबांची माटोळी तुझ्याकडे आहे म्हणे, चांगल्या सुताराकडून सांधून घेतो, आमच्या गणपतीवर शोभेल. आठवड्याने चुलतभावाचा, काकाच्या मुलाचा. त्यालाही हवी. अर्धी चालणार नाही, दोघांनाही अख्खीच हवी. त्यांच्या दारांमधली भिंत आता सिमेंटची आहे.

मी दोघांना एकच सांगितलं. एका गाडीतून या. दोघे मिळून उचलायची, एका गाडीत घालायची, आणि घरी जाऊन एकाच गणपतीवर टांगायची. ते नाही जमलं तर माळ्यावरून करवत मी काढून ठेवली आहे, तिची काळजी नको.

दोघेही हो म्हणाले. दोघेही एकमेकांना विचारणार आहेत, पण आधी दुसऱ्याने फोन करावा अशी वाट बघत आहेत. चवथ झाली. माटोळी इथेच आहे. चेपलेल्या कडीला मी आत्ताच ओला पंचा अडकवून आले.